दुखवट्याच्या घरी फराळाचे डबे: माया की नुसती रीत?

तिसरा_मजला (डोंबिवली):
धनत्रयोदशीला खालच्या वाण्याकडे आमच्या मजल्यावरचे काका भेटले. दोन किलो साखर घेत होते. काकू श्रावणात गेल्या, काका आता एकटेच, त्यात मधुमेह. म्हटलं, एवढी साखर कशाला? तर म्हणाले, "फराळाचे अकरा डबे आलेत. रिकामे कसे परत करू? हिने कधी कुणाचा डबा रिकामा दिला नाही."

ज्या घरात माणूस गेलंय तिथे यंदा कढई चढत नाही, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळ पोचवायचा, ही रीत चांगलीच आहे. पण आमच्या विंगमध्ये तिचं काय झालंय? बेल वाजते, डबा हातात, "काका, काळजी घ्या", आणि मागे कुणीतरी लिफ्ट धरून उभं. वर कमिटीने काकांना न विचारता आमच्या मजल्यावरचा कंदील उतरवला. सगळी बिल्डिंग झगमगतेय, आमचा पॅसेज तेवढा काळोखात.

मला यात माया दिसत नाही, आपली सुटका दिसते. डबे कमी करा आणि जाऊन बसा थोडा वेळ. त्यांना कंदील हवा असेल तर लावू द्या. वर्षभर सण नाही, हे परस्पर ठरवणारे आपण कोण?

कृष्णाकाठ:
साफ असहमत. "जाऊन बसा" म्हणणाऱ्यांनी वडील गेले त्या दिवाळीतली आमची सांगलीची बैठक बघायला हवी होती. जो आला तो बसला, आणि बसला की पहिला प्रश्न, "नेमकं झालं काय?" अॅम्ब्युलन्स कशी उशिरा आली हे आईने चार दिवसांत वीसेक वेळा तरी सांगितलं असेल. प्रत्येक वेळी चहा टाकून. दारातच डबा देऊन पळणारी एक शेजारीण होती, आईला त्या दिवाळीत तेवढी एकच बाई आवडली.

आणि सण न करणं म्हणजे आईची हक्काची रजा होती. उटणं नाही, रांगोळी नाही, हसऱ्या तोंडाने दार उघडायची सक्ती नाही. दुसऱ्या वर्षी रजा संपली. "आता करायलाच हवं, घर किती दिवस असं ठेवणार" म्हणून सगळे मागे लागले, तेव्हा ती खरी कोसळली. पहिल्या वर्षी नव्हे.

पाटावरची:
कृष्णाकाठ, रजा मागून घेतलेली असेल तर ठीक. मला ती न मागता मिळाली. नवरा गेला त्या वर्षी भाऊबीजेला ताट मी तयार केलं, निरांजन मी लावलं, आणि आत्या म्हणाली, "धाकटी ओवाळेल, तू बस." भाऊ पाटावर बसून खाली बघत होता. ही रजा वर्षाने संपेल असं मलाही वाटलं होतं. नऊ वर्षं झाली.

हेरवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. पण ओवाळणीचं ताट कुणाच्या हातात द्यायचं, हे अजून आत्याच ठरवते.

सोऱ्या_आणि_पीठ:
मुळात सुतक दहा दिवसांचं. पुढचं वर्ष ही घरोघरची रीत. आमच्याकडे उलट आहे: पहिल्या सणाला भावकी येते आणि त्या घरात स्वतः गोड करून सण मोकळा करून जाते. एकच सोसायटी, छप्पन्न रीती, आणि कमिटी कंदील उतरवून मोकळी.
(साखर नका हो घालू अकरा डब्यांत. चार दाणे पुरतात.)

ओपीडीबाहेर:
मी समुपदेशन करते, म्हणून थोडं लांबण लावते. रूढीतलं हे वर्ष अगदीच अडाणी नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या सुधारित निदानपुस्तिकेत 'लांबलेला शोक' हे निदान आलं. मोठ्या माणसांत 12 महिने उलटल्याशिवाय ते लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हीच मुदत 6 महिन्यांची. म्हणजे तज्ज्ञांतही एकमत नाहीच.

पण याचा अर्थ वर्षभर वाट बघायची असा नाही. माणूस जेवत नाही, गोळ्या घेणं सोडलंय, "आता माझं काय काम" असं बोलतोय, तर त्याच दिवशी हालचाल करा. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. शासनाची टेली मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे: 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. एकट्या मधुमेही माणसाच्या घरी अकरा डबे आलेत, तर तो दोन वेळा जेवतोय का, हे मी आधी बघेन.

कृष्णाकाठ:
काका आजारी नाहीत हो, त्यांची बायको गेलीय. प्रत्येक रडण्याला नंबर चिकटवू नका.

ओपीडीबाहेर:
म्हणूनच निदानाची मुदत सांगितली. नंबर रडण्यासाठी नाही दिला, गोळ्या सोडण्यासाठी दिला.

तिसरा_मजला:
काल संध्याकाळी गेलो आणि थेट विचारलं. कंदील नको म्हणाले. यंदा उजेड डोळ्यांत खुपतो म्हणाले. तेव्हा कृष्णाकाठ, तो मुद्दा तुमचा. मात्र कमिटीने आधी विचारायला हवं होतं, हे मी सोडणार नाही.

गोळ्या चालू आहेत. जेवण म्हणजे सकाळी वरणभात, रात्री दूध आणि कुणाचा तरी चिवडा. मग स्वतःच म्हणाले, "कुठला डबा कुणाचा, मला काही कळत नाही. हिला झाकणावरून कळायचं. तू ओळखतोस का?" पाऊण तास दोघं ओट्यापाशी डबे मांडून बसलो. काकू कुणाच्या डब्याला काय नावं ठेवायच्या, तेही निघालं. हसले दोनदा. "नेमकं झालं काय" मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

सात डबे लागले. चार कुणाचे, कळेना. बी विंगमधलं कुणी वाचत असेल तर: पितळी कडीचा एक, आणि झाकणाला पोचा पडलेला एक आहे. साखर भरून तयार आहेत.