एकाच वळूवर लाल कंधारी किती दिवस टिकेल?

प्रश्न (कंधार): आमच्या गावात सगळ्या लाल कंधारी जातीच्या गायी एकाच वळूला दाखवतात. वळू देखणा आहे, गर्द लाल. पण आता त्याच्याच कालवडी त्यालाच दाखवायला लागलेत. जाणते म्हणतात, जात शुद्ध राहते. मला पटत नाही. जात टिकावी म्हणूनच विचारतो.

उत्तर (उदगीर): दादा, हे तातडीनं थांबवा. बाप-लेकीत लपलेला एकच दोष वासरात दोन्हीकडून येतो आणि उघडा पडतो. गायी उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, वासरं अशक्त निघतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या पँथरचं, म्हणजे प्यूमा या मोठ्या रानमांजराचं, हेच झालं. १९९० च्या सुमारास जेमतेम २०-३० उरले, शेपट्या वाकड्या, हृदयात दोष. १९९५ मध्ये टेक्सासहून ८ माद्या आणून सोडल्या, तेव्हा कुठे पिल्लं धड निघू लागली, संख्या वाढली. तुम्हाला तर परकी जातही नको. मुखेड-लोह्याकडचा, नात्यात नसलेला लाल कंधारी वळू आणा, आणि त्याच्या कालवडी माजावर यायच्या आत तो वळूही बदला. मी देवणी जातीच्या गायी पाळतो. कोणत्या वासराचा बाप कोण, हे वहीत लिहितोच.

उत्तर (अर्धापूर): आमच्या केळीचीही हीच काळजी. ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर रोपं, सगळी एकसारखी; एकाला रोग लागला तर सगळ्यांनाच धोका. आधी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल ही केळीची जात होती. पनामा मर रोगानं १९६० च्या आसपास तिचा व्यापार बसला.

प्रश्नकर्ता: कृत्रिम रेतन चालेल का?

उत्तर (उदगीर): चालेल. फक्त रेताच्या कांडीवरचा वळूचा नंबर लिहून ठेवा, त्याच्या लेकीला तोच नंबर नको.