'थ्रो इन द टॉवेल' : टॉवेल नक्की कोण फेकतं?

'थ्रो इन द टॉवेल' म्हणजे हार मानणे एवढं माहितीये, पण टॉवेलच का? आणि मराठीत सरळ 'टॉवेल टाकला' लिहिलं तर चालेल का?

—

बॉक्सिंगमधूनच आलंय हे. दोन राउंडच्या मध्ये एक मिनिट मिळतं, तेवढ्यात बॉक्सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतो आणि त्याची माणसं घाम-रक्त पुसतात, पाणी देतात, सुजलेल्या डोळ्याखाली बर्फात गार केलेला धातूचा तुकडा दाबतात, त्यामुळे टॉवेल कायम कोणाच्या तरी खांद्यावर असतोच. आपला गडी आता नुसता मार खातोय, हात वर धरायचंही त्राण उरलेलं नाही असं दिसलं की तोच टॉवेल रिंगमध्ये भिरकावायचा, थांबवा म्हणून. आधी हे काम स्पंजचं होतं, १८६० च्या सुमारास इंग्लंडात 'थ्रो अप द स्पंज' म्हणायचे, टॉवेल नंतर आला.

पण खरी गोम अशी की टॉवेल लढणारा फेकत नाही, त्याच्या बाजूचा माणूस फेकतो. म्हणून मराठीत त्यासाठी 'नांगी टाकली' लिहिणं मला अजिबात पटत नाही, त्यात भित्रेपणा येतो. १९७५ ची मनिलातली अली-फ्रेझियर लढत बघा, १४ राउंड झाल्यावर फ्रेझियरला धड दिसत नव्हतं तरी तो लढायचं म्हणत होता, शेवटी ट्रेनर एडी फच यांनीच थांबवलं. तिथे टॉवेल फेकला नाही, पण भाव नेमका तोच, पोराचा जीव जपायचा.

—

टॉवेल पडला की लढत संपलीच का मग?

—

तसं नाही, शेवटचा शब्द रेफरीचा. १९३८ मध्ये न्यूयॉर्कला जो लुईने मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच राउंडमध्ये झोडपलं तेव्हा श्मेलिंगच्या कोपऱ्यातून टॉवेल आला होता, पण न्यूयॉर्कच्या नियमात त्याला किंमत नव्हती, रेफरीने तो उचलून रिंगबाहेर फेकला आणि मग लगेच स्वतःच लढत थांबवली.

बाकी 'टॉवेल टाकला' नका लिहू. एसटीच्या खिडकीतून रुमाल नाहीतर टॉवेल टाकून जागा धरणारी माणसं आपण, वाचणाऱ्याला वाटेल यांनी जागा अडवली! बॉक्सिंगची बातमी असेल तर 'टॉवेल फेकून लढत थांबवली', आणि राजकारण-धंद्यात कोणी स्वतःहून सोडून दिलं असेल तर 'हात टेकले' किंवा 'माघार घेतली', मी तरी असंच लिहितो.