शब्दचर्चा: नोकरीत ‘असताना’, नोकरी‘मुळे’ की नोकरी‘पायी’?

माहुलीकर (सातारा)
आमच्या आळीत एक नाना आहेत, फौजेतून पेन्शन आलेले. त्यांना अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अपील करायचंय. कागद सगळे इंग्रजीत, आणि नानांचं म्हणणं, “सही करायच्या आधी मला कळू तरी द्या.” म्हणून मराठी करायला बसलो. गोळी नाही, छर्रा नाही. सतरा वर्षं डोंगरात पाठीवर वजन वाहून मणका गेला. मेडिकल बोर्डाचा शेरा असा: ‘नाइदर अ‍ॅट्रिब्युटेबल टू नॉर अ‍ॅग्रव्हेटेड बाय मिलिटरी सर्व्हिस’. मी लिहिलं, ‘सदर अपंगत्व लष्करी सेवेदरम्यान आलेले नाही.’ नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मग काय वरातीत नाचताना आलं व्हय, मास्तर?”
नेमका शब्द सुचवा.

शब्दवेडी (सांगली)
नाना बरोबर आहेत, तुमचं वाक्य चुकलंय. ‘दरम्यान’ वेळ सांगतो, शेरा कारणाबद्दल आहे. बोर्ड असं म्हणतंय की दुखणं नोकरीत असताना झालं असेल, पण नोकरीमुळे झालं नाही आणि आधीचं असेल तर नोकरीमुळे वाढलंही नाही. म्हणून: ‘लष्करी सेवेमुळे उद्भवलेले नाही व सेवेमुळे बळावलेलेही नाही.’ दुखणं बळावतं. ‘चिघळणे’ नको, ते जखमेला किंवा राजकारणाला.
आणि ‘जायबंदी’ तर मुळीच नको. तो शब्द क्रिकेटवाल्यांनी केव्हाच पळवलाय.

कराडचा खवचट
शब्द जुळवाल हो, पण मूळ प्रश्न राहतोच. लढाईत लागलंच नाही तर भरपाई कसली? मणका एसटीच्या ड्रायव्हरचाही जातो. ‘जखमी सैनिक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रणांगण येतं, आणि आपली परंपराही तीच आहे. 1659 साली प्रतापगडाखाली लढाई झाली, त्यानंतर जखमी झालेल्यांना महाराजांनी जखम पाहून होन दिले असं सभासद बखरीत आहे. कंबर धरली म्हणून दिले असं नाही.

जावळीचा फौजी
खवचटराव, ‘जखम पाहून’ म्हणजे आमची अपंगत्वाची टक्केवारीच की! बोर्ड आजही तेच करतं. फक्त आता खाती दोन आहेत. शत्रूच्या कारवाईत लागलं तर ‘वॉर इंज्युरी पेन्शन’. शंभर टक्के अपंगत्व येऊन घरी पाठवलं, तर त्यातला जखमेचा भाग शेवटच्या पगाराएवढा. ट्रेनिंगमध्ये पडला, गाडी दरीत गेली, बर्फात बोटं गेली, तर साधं डिसॅबिलिटी पेन्शन, आणि तिथे अपंगत्वाचा भाग शंभर टक्क्यांना पगाराच्या 30 टक्के. म्हणजे लढाईचा मान वेगळा ठेवलेलाच आहे. तुम्ही दुसऱ्या खात्यालाच कुलूप लावायला निघालात.
आणि हे खातं सताड उघडं आहे असंही नाही. साधारण नियम 20 टक्क्यांच्या खाली काही नाही असा. सुटीवर आलेल्या पोराला वाढेफाट्यावर मोटारसायकलने उडवलं, तर रजा मंजूर होती एवढ्यावर भागत नाही. त्या अपघाताचा नोकरीशी धागा दाखवावा लागतो. मला हे कडक वाटतं, पण अन्याय म्हणणार नाही.
दुखण्याची गोष्ट मात्र निराळी. भरतीच्या वेळी आम्हाला उघडं करून दात, कान, तळपाय सगळं तपासून घेता. तेव्हा कागदावर काही लिहिलं नाही, आणि पंधरा वर्षांनी म्हणता हे जन्माचंच होतं? धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सुप्रीम कोर्टाने हेच धरलं: भरतीला नोंद नसेल तर दुखणं नोकरीमुळे आलं असं मानायचं, तसं नाही हे सरकारने दाखवायचं. त्या माणसाला फिट येत होत्या. गोळी त्यालाही लागली नव्हती.

शब्दवेडी (सांगली)
एसटीच्या ड्रायव्हरचं उदाहरण उलटंच पडतंय. कामगार भरपाईचा 1923 चा जुना कायदा बघा, त्यात दोन्ही अटी होत्या: इजा कामावर असताना आणि कामामुळे. लढाई कुठेच नव्हती. अमेरिकेतही माजी सैनिकाच्या भरपाईला लढाईची अट नाही, सेवेशी संबंध लागतो.
मला खुपतो तो ‘भरपाई’ शब्दच. आमच्याकडे महापुराचा पंचनामा झाला की मिळते ती भरपाई, आणि तिच्यामागे ‘सानुग्रह’ चिकटलं की झाली मेहेरबानी. आता फौजेच्या 2023 च्या नियमांत, अपंगत्व घेऊनच नोकरी पुरी करणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आलंय. त्याचं मराठी कोणीतरी ‘दिलासा’ करणार, बघा! दिलासा पाठीवर हात ठेवून देतात, हक्काच्या पैशाला तो शब्द शोभत नाही.

कराडचा खवचट
दरीत गेलेली गाडी मान्य. बर्फातली बोटं मान्य. साखरेच्या आजारावर मात्र मी अजून अडून आहे.

जावळीचा फौजी
अडा. बोर्डही तिथेच अडतं.

माहुलीकर (सातारा)
‘सेवेमुळे उद्भवलेले व बळावलेले’ घेतलं. वाचून दाखवल्यावर नाना म्हणाले, “ते ठीक आहे, पण आम्ही घरात ‘नोकरीपायी मणका गेला’ असंच म्हणतो.” विचार केला तर तिन्हींत तोच भारी. ‘असताना’त नुसती तारीख, ‘मुळे’त कारण, आणि ‘पायी’त काय मोजलं तेही येतं. दारूपायी घर जातं, पोरापायी आई झिजते. अर्जात चालणार नाही, म्हणून ‘मुळे’च ठेवलं.
सही करताना नानांनी एक दुरुस्ती सुचवली. मी ‘कमरेचा मणका’ लिहिलं होतं. ते म्हणाले, “एल फोर, एल फाय लिहा. दोन आहेत.”