पुण्यात घर, मांडव्याला यॉट: हिशेब नक्की कुणाचा चुकतोय?

सदाशिवी_खवचट
काल इथे एकाने लिहिलं: "आम्ही चौघं मित्र मिळून २००८ची ४५ फुटी फ्लायब्रिज (म्हणजे छपरावरही बसून चालवता येते अशी) मोटर यॉट बघतोय. प्रत्येकाच्या वाट्याला मुळशीतल्या फार्महाऊसपेक्षा कमी पैसे. पुण्याहून अलिबागजवळचं मांडवा साडेतीन तास, वापर नक्की होईल." खाली बदामांचा पाऊस. 'वापर नक्की होईल' या तीन शब्दांनी माझं डोकं फिरलंय, तेव्हा जरा लांबण लागेल.

मी आणि मेहुणा सहा वर्षं बोटीचे मालक होतो. यॉट नव्हे, २४ फुटी, एका इंजिनाची. पहिल्या वर्षी अकरा फेऱ्या, दुसऱ्या वर्षी चार, तिसऱ्या वर्षी एक, तीही बायकोच्या मावशीला दाखवायला. मावशीला बोट लागली. मे संपायच्या आत बोट वर ओढून शाकारायची, ती गणपतीनंतर पाण्यात. उरलेल्या महिन्यांतून लग्नं, परीक्षा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन वजा करा. तुम्ही गेला नाहीत म्हणून बोट थांबत नाही. तळाला शिंपले चढतात, बॅटऱ्या उतरतात. चौथ्या वर्षी सकाळी सहाला खलाशाचा फोन, "साहेब, मागची बाजू जरा खाली वाटते." जरा म्हणजे बॅटऱ्या पाण्यात होत्या, कारण तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाचा फ्लोट (पाणी चढलं की पंप चालू करणारा तरंगता गोळा) अडकला होता. फ्लोट केवढा, तर मुठीएवढा.

तुमच्याकडे तर दोन इंजिनं, जनरेटर, एसी आणि दोन संडास. घाला पैसे.

चौथा_भागीदार
काका, दुःख समजलं. पण २४ फुटी बोटीवरून ४५ फुटी यॉटचा अंदाज म्हणजे लुनावरून ट्रकचा. नव्या यॉटवर सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी, म्हणून जुनी बघतोय, इथेच नोंदलेली, थेट मालकाकडून. आणि फ्लायब्रिज हौस म्हणून नाही. वरून चालवताना चारी बाजू दिसतात, कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, लांबून दिसतात. लोणावळ्यातले किती बंगले वर्षभर कुलपात असतात? त्यांना कुणी शिकवायला जात नाही.

सदाशिवी_खवचट
काका कुणाला? वय ५१ आहे माझं. आणि कुलपातला बंगला बुडत नाही.

थळचा_पोरगा
नोकरी हिंजवडीत, घर थळला, आजोबा नाखवा. म्हणून बोलतो. फेब्रुवारी-मार्चात दुपारी वायव्येचा वारा उठला की तो वरचा मजला शिडासारखा वारा धरतो. धक्क्याला लावताना भल्याभल्यांचा घाम निघतो. सकाळी जा, दोनच्या आत परत फिरा.

जुन्या फ्लायब्रिजचं खरं दुखणं वेगळंच आहे. वरच्या खुर्च्या, रेलिंग, शिडी जिथे जिथे स्क्रूने बसवलीय तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि डेकच्या पोटातलं लाकूड कुजतं. वरून सगळं चकाचक. हातोडीने ठोकत चाला. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर तिथेच खडूने गोल करा. गोल मोजा आणि मग किमतीचं बोला.

डिझेल_भोसरी
मी इंजिनाचंच बोलतो. इंजिन थंड असताना, तुमच्यासमोर सुरू झालं पाहिजे. "आधीच गरम करून ठेवलंय" म्हणाला की चहा पिऊन परत या. निळा धूर राहिला तर तेल जळतंय. एक्झॉस्टचे एल्बो (धुराच्या पाइपाचे वाकडे तुकडे) उघडून बघा, खारं पाणी आतून खातं, बाहेर रंग झकास. इंजिन चालल्याचे तास कमी म्हणून खूश होऊ नका. सतरा-अठरा वर्षांत ४०० तास म्हणजे उभ्या उभ्या गंजलेलं इंजिन. साडेतीनशे-चारशे अश्वशक्तीची दोन इंजिनं २० नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) तासाला सव्वाशे लिटर सहज पितात, नव्वदच्या डिझेलने अकरा हजारांच्या वर. ८ नॉटने गेलात तर खर्च एकदम खाली येतो, पण मग मित्र म्हणतात, याला वेगच नाही.

वडखळग्रस्त
साडेतीन तास??? रात्री दोनला निघणार का? मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ला सुरू झालं. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती, आता कॉलेजात आहे, आणि पेण-वडखळला शनिवारी मी अजून तिथेच उभा आहे. मागच्या डिसेंबरात तर तिने गाडीत असाइनमेंट लिहून संपवली.

ताम्हिणीप्रेमी
खोपोलीने जातंच कोण? ताम्हिणी उतरा, विळ्याहून कोलाड, रोहा, चौल, अलिबाग. हिरवंगार.

वडखळग्रस्त
मांडव्याला जायला रोहा! याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.

ताम्हिणीप्रेमी
निदान प्राणायाम तरी होतो. वडखळला श्वासच कोंडतो. आणि घाटात गाडी चालवता येत नसेल तर तसं सांगा.

वडखळग्रस्त
पंचवीस वर्षं चालवतोय. तुमच्यासारखे वळणावर थांबून भजी खात नाही.

कर्वेनगरी
भांडू नका. एक्स्प्रेसवेने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवा, तासाभरात मांडवा. २०२०पासून चालू आहे.

डिझेल_भोसरी
म्हणजे स्वतःच्या बोटीपर्यंत पोचायला दुसऱ्याची बोट 🙏

चौथा_भागीदार
मी यॉट घेतोय, रस्ता नाही! जरा विषयावर या.

सदाशिवी_खवचट
रस्ता हाच विषय आहे, मी दुसरं काय सांगतोय? बरं, एक कबूल करतो. बोयांचं तुमचं बरोबर. खाली बसून चालवताना आम्हाला एकदा बोया दिसला नाही, जाळं पंख्यात गेलं. जाळ्याचे पैसे भरले, विषय मिटला. वरून दिसला असता. एवढंच कबूल.

थळचा_पोरगा
तुमचा मिटला. जाळं फाटलं की नुसते जाळ्याचे पैसे नसतात, ते विणून होईपर्यंतचे दिवस जातात. जून-जुलै मासेमारी बंदीत, मग वादळं, उरलेल्या दिवसांत तुम्ही लोक शनिवार-रविवारी सुसाट. पैसे फेकले की झालं?

सदाशिवी_खवचट
फेकले नाहीत, घरी जाऊन दिले. चहाही प्यायलो. पण दिवसांचे दिले नाहीत, ते खरं.

आणि भागीदार, चौघांत आत्ताच कागदावर लिहा की एकाला बाहेर पडायचं झालं तर बाकीचे किती देणार. आम्ही लिहिलं नव्हतं. मेहुणा आता फक्त भाऊबीजेला भेटतो, तेही बायको समोर असते म्हणून.

चौथा_भागीदार
हे मात्र आम्ही बोललोच नव्हतो. चार जणांच्या ग्रुपवर टाकलं, दोघांनी वाचून उत्तर दिलेलं नाही.

रविवारी यॉट वर ओढून तळ दाखवणार आहेत, बोट तपासणारा सर्व्हेअरही येतोय. येता का बघायला, काका? सॉरी, साहेब.

सदाशिवी_खवचट
पाचला निघणार असाल तर. खोपोलीने.

ताम्हिणीप्रेमी
पाचला निघताय तर मग ताम्हिणीनेच

थळचा_पोरगा
रविवारी मी घरीच आहे. हातोडी प्लॅस्टिकच्या डोक्याची आणा, लोखंडी नको. जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, फुटला तर मालक यॉट तुमच्याच गळ्यात मारेल.