मदत हवी आहे: सातव्या महिन्यात रात्रभर झोप लागत नाही

सदाफुली (मंगळवार, पहाटे ३.१०)
गेला महिनाभर मला रात्री दोन-अडीच तासांपेक्षा अधिक झोप मिळालेली नाही. पोटातील बाळाला अपाय होणार नाही आणि शनिवारच्या आत गुण येईल असा उपाय कोणी सांगू शकेल का? डाव्या कुशीवर झोपणे, पायांत उशी घेणे, संध्याकाळचा चहा बंद करणे, हे सर्व करून झाले आहे. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात की या दिवसांत असे व्हायचेच. कृपया गर्भसंस्काराच्या ध्वनिफिती सुचवू नयेत. सासूबाईंनी त्या आणलेल्याच आहेत आणि त्या लागल्या की मला रडू येते. नेमका उपाय हवा आहे.

जुनाजाणता (मंगळवार, सकाळी ६.४५)
रात्री कोमट दुधात जायफळ उगाळून घ्यावे, सोबत अर्धा चमचा अश्वगंधा चूर्ण घ्यावे आणि भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा. पहाटे तीन वाजता पडद्यासमोर बसून झोपेची तक्रार करणे हाच मुळात रोग आहे. आमच्या मातोश्रींची पाच बाळंतपणे झाली, त्या जात्यावर दळण दळत असत आणि पाठ टेकताच त्यांना झोप लागत असे.

निरंजनी (मंगळवार, सकाळी ८.०५)
जुनाजाणता, अश्वगंधेने गर्भपात होऊ शकतो अशी शंका असल्यामुळे ती गरोदरपणात टाळण्यास सांगतात, आणि जायफळाचे प्रमाण वाढले तर तेही बाधते. कोणाला काय चालते हे न विचारता मात्रा सांगू नये.
सदाफुलीताई, कितवा आठवडा चालू आहे? झोप लागतच नाही, की लागून मोडते? शनिवारी काय आहे? आणि ध्वनिफिती ऐकून रडू का येते?

सदाफुली (मंगळवार, सकाळी ११.२०)
मी प्रश्न झोपेविषयी विचारला होता. असो. २७ वा आठवडा चालू आहे. शनिवारी डोहाळजेवण आहे, ६० माणसे येणार आहेत आणि चेहरा असा ओढलेला दिसला तर लोक नाही नाही ते विचारतील. रडण्याचे विशेष काही नाही, गोळी बंद केल्यापासून मन थोडे हळवे झाले आहे, इतकेच. हिमोग्लोबिन ९.४ आले आहे, त्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू आहेत.

निरंजनी (मंगळवार, सकाळी ११.३२)
कोणती गोळी, आणि कोणाच्या सांगण्यावरून बंद केली?

रजावही (मंगळवार, दुपारी १.१५)
आपण नोकरी करत असाल तर एवढी ओढाताण करण्याचे कारण नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यांपैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिन्याची तरतूद आहे. अर्जाचा नमुना हवा असल्यास देतो.

सदाफुली (मंगळवार, दुपारी २.५०)
रजावही, आभारी आहे, परंतु मी घरी ब्लाउज शिवते आणि रजेचा अर्ज मला माझ्याच शिलाई यंत्राकडे द्यावा लागेल.
गोळी सर्ट्रालीन ५० होती, नैराश्यावरची. ती मी दीड वर्ष घेत होते. चाचणीच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या त्याच संध्याकाळी उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या, कारण औषधाच्या दुकानातील माणूस म्हणाला होता की असली औषधे बाळाला व्यंग आणतात. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलेले नाही. माझी फाईल सासूबाई सांभाळतात, त्यात ते लिहिले गेले असते.

लेस्टरकर (मंगळवार, सायंकाळी ५.३०)
मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये राहते. येथे पहिल्याच भेटीत सुईणीने रक्तदाब मोजण्याआधी मला विचारले की गेल्या महिन्यात वारंवार उदास वाटले का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का. मी त्या खुर्चीत बसून वीस मिनिटे रडले. माझे औषध बंद न करता चालू ठेवण्याचा निर्णय आम्ही दोघींनी आणि मनोविकारतज्ज्ञांनी मिळून घेतला. सदाफुली, तुम्ही गोळी आजच पुन्हा सुरू करा. माझा मुलगा आता सहा वर्षांचा असून ठणठणीत आहे.

जुनाजाणता (मंगळवार, सायंकाळी ६.१०)
एका मुलाच्या ठणठणीतपणावरून सिद्धांत मांडू नये. तिकडे गोळ्यांवाचून कोणाचे पानही हलत नाही.

लेस्टरकर (मंगळवार, सायंकाळी ६.१८)
आणि आपण एका मातोश्रींवरून मांडलेला सिद्धांत चालतो, असे दिसते.

दवाखानी (मंगळवार, रात्री ९.४०)
मी मनोविकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय मात्रा सांगणार नाही आणि येथे कोणीही सांगू नये. लेस्टरकर, यात आपणही आलात, कारण पाच महिने बंद असलेली गोळी पुन्हा सुरू करायची की नाही, आणि किती मात्रेपासून, हे रुग्णाला पाहूनच ठरते.
दुकानदाराने मात्र सर्व मनोविकारांच्या गोळ्यांना एकाच मापाने मोजले. व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाने गर्भात खरोखरच गंभीर दोष निर्माण होतात, म्हणून ते टाळतात. सर्ट्रालीन गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात पुष्कळ वर्षांपासून वापरले जात आहे. शेवटच्या महिन्यांत ते चालू असेल तर बाळ जन्मल्यावर काही दिवस किरकिरे राहू शकते, म्हणून बालरोगतज्ज्ञांना आधी कळवतात. धोका शून्य नाही, पण उपचाराविना राहिलेल्या आजाराचा धोकाही शून्य नसतो, आणि तुलना या दोहोंची करायची असते.
हिमोग्लोबिन ९.४ हे कमीच आहे, गरोदरपणात ते किमान ११ असावे. लोहाच्या कमतरतेने रात्री पाय अस्वस्थ होतात, त्यामुळेही झोप मोडते. थायरॉईड तपासलेले नसेल तर तेही तपासून घ्यावे.
आता विचारतो त्याचे उत्तर कृपया द्यावे. एडिनबरो येथे १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी आहे. ती बाळंतिणींसाठी होती, आता गरोदरपणातही वापरतात. तिच्यातला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तसे विचार आपल्या मनात येतात का? आणि रात्री जागेपणी आपण नेमके काय करता?

सदाफुली (बुधवार, पहाटे २.२५)
मरावे असे वाटत नाही. सकाळी जाग येऊ नये असे दोनदा वाटले.
रात्री मी शेंगदाणे मोजते. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायला सांगितले आहे. मी उशाशी दोन वाट्या ठेवते, बाळ हलले की एक शेंगदाणा या वाटीतून त्या वाटीत टाकते. दहा झाले की थांबायचे असते. मी थांबत नाही. दुसरी वाटी भरली की ती पहिलीत ओतते आणि पुन्हा सुरुवात करते. हे शनिवारी-रविवारी पुण्याहून येतात तेव्हा आवाज होऊ नये म्हणून वाटीत रुमाल घालते.
दोन वर्षांपूर्वी २८ व्या आठवड्यात माझे पोटातले बाळ गेले. मुलगी होती. त्याच्या दोन दिवस आधी डोहाळजेवण झाले होते, मी फुलांच्या झोपाळ्यावर बसले होते, हातात धनुष्यबाण होता, आणि झाकलेल्या वाटीखाली बर्फी निघाली म्हणून सगळ्याजणी हसत होत्या. गोळ्या त्यानंतरच सुरू झाल्या. या वेळी सगळे नीट व्हावे म्हणून सासूबाईंनी तोच वाडीवाला आणि तीच हिरवी साडी ठरवली आहे. २८ वा आठवडा रविवारी लागतो. हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लिहिले नव्हते.

दवाखानी (बुधवार, पहाटे ५.५०)
सदाफुली, हे लिहिलेत ते फार बरे केलेत. आपल्याला झोपेची गोळी नव्हे, उपचार हवे आहेत, आणि ते या आठवड्यातच. आजच वेळ घ्यावी. शहरात मनोविकारतज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयात दाखवता येईल. यजमानांना आज बोलावून घ्यावे आणि ते येईपर्यंत खोलीत कोणीतरी सोबत झोपावे. रात्री जागेपणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जाग येऊ नये याऐवजी स्वतःला काही करावे असे वाटू लागले, तर वेळ घेण्याची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.
हालचाली जेवणानंतर, सांगितल्या तेवढ्याच मोजाव्यात. त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर मात्र रात्र असली तरी प्रसूतिगृहात जावे, वाट्यांपाशी बसून राहू नये.

निरंजनी (बुधवार, सकाळी ७.१५)
ताई, डोहाळजेवण रद्द करा. ६० माणसांना एक निरोप पुरेल.

जुनाजाणता (बुधवार, सकाळी ७.४०)
निरंजनी, तुम्हाला सासूबाई भेटलेल्या दिसत नाहीत. रद्द हा शब्द घरात उच्चारला की आधी अपशकुनाची चर्चा सुरू होईल. आमच्याकडे डोहाळजेवण नवव्या महिन्यात करण्याची रीत आहे आणि पाच सवाष्णींनी ओटी भरली तरी ते पूर्ण होते. यजमानांनी आईला तसे सांगावे, सुनेने नव्हे. अश्वगंधेविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो. जायफळाविषयीचेही.

लेस्टरकर (बुधवार, दुपारी १२.०५)
दवाखानी, आपण रागावलात ते योग्यच होते. सदाफुली, फाईलची भीती वाटत असेल तर डॉक्टरीणबाईंना एकट्याने भेटायचे आहे असे दारातच सांगा. माझ्या आईला बाहेर बसवताना मला घाम फुटला होता.

सदाफुली (बुधवार, रात्री १०.३०)
हे दुपारच्या बसने आले. उद्या सकाळी ११ ची वेळ मिळाली आहे. ह्यांनी सासूबाईंना स्वयंपाकघरात काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. नंतर त्या खोलीत आल्या, पलंगावरची हिरवी साडी उचलून कपाटात ठेवली आणि उशाशी असलेल्या शेंगदाण्यांच्या वाट्या पाहून म्हणाल्या की मला वाटायचे तुला रात्री भूक लागते. आज त्या माझ्या खोलीत झोपणार आहेत.
दवाखानी, जुन्या औषधाची चिठ्ठी सापडत नाही. उद्या नुसते नाव सांगितले तर चालेल का?

दवाखानी (बुधवार, रात्री १०.४८)
चालेल. मात्रा, किती काळ घेतले आणि कोणत्या महिन्यात बंद केले, एवढे कागदावर लिहून न्यावे. हिमोग्लोबिनचा अहवालही सोबत घ्यावा.