राखीव जंगलातल्या पायवाटेवर धावायला मनाई असावी का?

रानोमाळ
चार-पाच किलोमीटरची झाडीतली पायवाट. चालायला मुभा, धावायला मनाई, हा नियम अनेकांना रास्त वाटतो. मला नाही वाटत. डांबरी रस्त्यावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. इथे एक पाऊल मुळावर, दुसरं सुट्या दगडावर, तिसरं ओल्या पाचोळ्यात. घोटा दर वेळी स्वतःला सावरायला शिकतो. नजर तीन-चार मीटर पुढे ठेवायची, खडा चढ आला की लाज न बाळगता चालायचं, उताराला पावलं आखूड टाकायची. घड्याळातला वेग गेला खड्ड्यात, धाप किती लागतेय तेवढं बघायचं. बरं, अर्ध्या-पाऊण तासात माणूस जंगलाबाहेर. चालणाऱ्यापेक्षा यात जास्त काय बिघडतं?

पाचोळा
असहमत. लवकर बाहेर पडता, पण येता कसे? चालणाऱ्याची चाहूल आधी लागते, हरीण निवांत बाजूला होतं. तुम्ही वळणावरून थेट अंगावर येता. त्यात धावणाऱ्यांच्या लाडक्या वेळा पहाट आणि तिन्हीसांजा, म्हणजे नेमक्या जनावरांच्या चरायच्या आणि पाण्यावर यायच्या. वाघ-बिबट्याच्या रानात तर पळणारं काहीही दिसलं की पाठलागाची ऊर्मी जागी होते. समोर आला तर पळू नका, असं उगाच सांगत नाहीत.

खडूस_काका
मातीबद्दल कुणी बोलेल का? न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांची मुळं कुजवणारा रोग बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. त्यापायी ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे रांगांमधलं जंगल २०१८ साली लोकांसाठी बंद झालं. पुढे खडी आणि फळ्या टाकून काही वाटा टप्प्याटप्प्याने उघडल्या. तिथे आता बूट ब्रशने घासायचे, तळव्यांवर जंतुनाशक मारायचं, मगच आत पाऊल. तुम्ही चाललात की धावलात हे त्या रोगाला कळत नाही.

रानोमाळ
काका, मग हे माझ्याच बाजूचं झालं! बूट घासायचा नियम करा, सगळ्यांना लावा. आणि चिखलाचं म्हणाल तर डबकं चुकवायला कडेच्या गवतावरून जाणारेच वाट रुंद करतात. सरळ चिखलातून थपाथप जाणारा बरा.

पाचोळा
हो, आणि बुटाखालच्या खोल खाचांत मूठभर चिकणमाती घेऊन दुसऱ्या जंगलात जाणारा? ती काडीने उकरल्याशिवाय निघत नाही. किती जण उकरतात?

नवखी_धावपटू
मध्येच विचारते, हेडफोन लावून धावलेलं चालेल का?

खडूस_काका
अजिबात नाही. मागून कोण येतंय, पुढे काय हललं, काही कळत नाही. गाणी ऐकायला ट्रेडमिल आहे.

रानोमाळ
सहमत. पाचोळा, पहाट-संध्याकाळ सोडून द्यायला मी तयार आहे. पाऊस पडून गेल्यावर वाट वाळेपर्यंत बंद ठेवा, तेही मान्य. शर्यती तर नकोतच. सरसकट मनाई मात्र पटत नाही.

पाचोळा
शर्यत फक्त फलक लावून होते असं थोडंच आहे? स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर कुणीतरी त्याच वाटेचा तुकडा आखतो, वेळांची क्रमवारी लागते आणि पहिल्या नंबरासाठी रोज कुणी ना कुणी जीव तोडून पळतं. मग वळणावर वेग कमी कोण करणार? तुमची तिथे वेळ नोंदलेली आहे का, ते आधी सांगा.

रानोमाळ
आहे. सातवा आहे. नोंद काढून टाकतो, पण धावणार.