प्रश्नचिन्हात कॉलमचं नाव बसत नाही
लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कचा क्वेरी बिल्डर वापरला की प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून व्हॅल्यू वेगळी पाठवणं) आपोआप होतं, मग इंजेक्शनची, म्हणजे कुणी इनपुटमधून क्वेरीत स्वतःचं एसक्यूएल घुसवण्याची, काळजी मिटली, असं बरेच जण म्हणतात. व्हेअरमधल्या (अटीतल्या) व्हॅल्यूंपुरतं ते खरंच आहे. पण प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त व्हॅल्यू बसते. टेबलचं किंवा कॉलमचं नाव नाही.

इथं कोल्हापुरात मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याचं सॉफ्टवेअर करत होतो. गुळाच्या रव्यांची (ढेपांची) यादी वजन, भाव, तारीख अशी पाहिजे तशी लावता यावी म्हणून मी कॉलमचं नाव क्रम लावणाऱ्या 'ऑर्डर बाय ?' ला बाइंड केलं, म्हणजे प्रश्नचिन्हाच्या जागी पाठवलं. एरर काही नाही, पण यादी जागची हलेना! मायएसक्यूएल हा डेटाबेस त्याला 'वजन' ही नुसती स्ट्रिंग समजत होतं, सगळ्या ओळींना तीच. मग क्रम लागणार कशावर? ऐन गुऱ्हाळांच्या सीझनला अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी जोडीदारानं वैतागून रिक्वेस्टमधलं नाव थेट ऑर्डरबायरॉमध्ये (दिलेला मजकूर जसाच्या तसा क्वेरीत घालणाऱ्या फंक्शनमध्ये) चिकटवलं, म्हणजे पुढचं दार लावून मागचं सताड उघडं. ते काढून चालणाऱ्या ४ कॉलमांचा ॲरे (यादी) केला, त्यात असेल तेच नाव क्वेरीत जातं. असेंडिंग-डिसेंडिंगलाही तीच चाळणी. पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) कॉलमची नावं बाइंड करत नाही हे लारावेलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचतंय कोण.